डिसेंबरची शेवटची तारीख

जुलैत आयकर विवरणपत्र भरायचं राहून गेलं? मग 31 डिसेंबर ध्यानात ठेवा. विलंबित विवरणपत्राची ती शेवटची तारीख. विलंब शुल्क 5 हजार रुपये. एकूण उत्पन्न 5 लाखांपर्यंत असेल, तर 1 हजार. कर थकला असेल, तर दरमहा 1 टक्का व्याज वेगळं.

ही तारीखही हुकली, तर 2022 पासून अद्ययावत विवरणपत्राची सोय आहे. मुदत आधी दोन वर्षं होती, 2025 मध्ये ती चार वर्षं झाली. पण सोय महाग आहे. कर आणि व्याजावर पहिल्या वर्षी 25 टक्के जादा कर, दुसऱ्या वर्षी 50, पुढे 60 आणि 70.

खरी मेख वेगळीच. अद्ययावत विवरणपत्रातून परतावा मागता येत नाही. बँकेनं ठेवीच्या व्याजातून कापलेला कर परत हवा असेल, तर डिसेंबरच गाठायला हवा. निवृत्त मंडळी नेमकी इथेच फसतात. ‘आपलं उत्पन्न ते केवढं!’ म्हणून कागद कपाटातच राहतात.

आणि हो, भरल्यावर 30 दिवसांत ई-पडताळणी करायला विसरू नका.