नफा, रोकड आणि भिशी

(मंडळाच्या कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षिप्त मजकूर)



सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी सीए नाही आणि मला कुठलाही फंड विकायचा नाही. शिक्षणाने कॉम्प्युटर इंजिनिअर, पोटापाण्यासाठी आयटी कन्सल्टंट. आपल्यापैकी बरेच जण अमेरिकेत असंच काहीतरी करतात. दिवसभर दुसऱ्यांच्या कंपनीचे डेटाबेस सांभाळतो, पण स्वतःच्या पैशाचा विषय निघाला की "तू कुठे टाकलेस? मग मीही तिथेच टाकतो" असा आपला कारभार! म्हणून आज दोनच गोष्टी बोलू. धंद्याचा हिशेब कसा वाचायचा, आणि अनेकांचे पैसे एकत्र करून गुंतवतात म्हणजे नेमकं काय करतात.

समजा, आपल्या एका वहिनींनी दिवाळीच्या फराळाचा व्यवसाय सुरू केला. परवाना वगैरे सगळं रीतसर आहे. स्वतःचे ३,००० डॉलर घातले आणि दिरांकडून २,००० उसने घेतले. या ५,००० मधून २,००० ची यंत्रं आणि भांडी, १,५०० चं सामान, उरलेले १,५०० बँकेत. आता कागदावर मधोमध एक रेघ मारा. एका बाजूला धंद्याकडे काय काय आहे ते लिहा: यंत्रं, सामान, रोकड, एकूण ५,०००. दुसऱ्या बाजूला ते कोणाच्या पैशातून आलं ते लिहा: दिरांचं देणं २,०००, वहिनींचं भांडवल ३,०००, एकूण ५,०००. झाला ताळेबंद, म्हणजेच बॅलन्स शीट! दोन्ही बाजू नेहमी सारख्याच येतात, कारण आलेला प्रत्येक डॉलर कोणाचा तरी असतोच.

आता चकली-चिवडा झकास झाला आणि ४,००० डॉलरची विक्री झाली. सामानाचे १,५०० गेले, पॅकिंग आणि पोस्टेजचे ९००. यंत्रं पाच वर्षं चालतील असं धरलं तर यंदाचा घसारा ४००. उरला नफा १,२००. (स्वतःच्या मेहनतीचा पगार वहिनींनी धरलेला नाही, पण तो आपल्या घरांतला जुनाच प्रश्न आहे!) हे झालं नफा-तोटा पत्रक.

पण गंमत पुढे आहे. विक्रीपैकी २,८०० चा माल इंडियन ग्रोसरीच्या दुकानाला दिला आणि दुकानदार म्हणाला, "पैसे दोन महिन्यांनी." म्हणजे रोख हातात आले फक्त १,२००. बँकेतले १,५००, त्यातून पोस्टेजचे ९०० गेले, हे १,२०० मिळवले, शिल्लक १,८००. आणि नोव्हेंबरअखेर दिरांचा फोन आला, "वहिनी, माझे दोन हजार लागतायत." नफा १,२०० डॉलर, आणि तरीही देणं फेडायला २०० कमी! चांगले चालणारे धंदेसुद्धा असेच अडचणीत येतात. म्हणून कंपन्यांच्या वार्षिक अहवालात कॅश फ्लोचं तिसरं पत्रक असतं. नफ्यात घसाऱ्यासारखे अंदाज असतात, उधारी असते. खात्यात आज किती आहेत हे रोकड सांगते. एखाद्या कंपनीचा नफा वर्षानुवर्षं वाढतोय पण धंद्यातून रोकड येतच नाहीये असं दिसलं, तर का येत नाही हे विचारावं.

आता दुसरा भाग. एकत्र पैसे घालणं आपल्याला नवीन नाही. आपल्या आई-आज्ज्यांची भिशी आठवा. बारा जणी, दरमहा शंभर रुपये, चिठ्ठी निघेल तिला बाराशे. भिशीत पैसे आळीपाळीने फिरतात, वाढत नाहीत. आणि सगळी भिस्त विश्वासावर, कारण पैसे घेऊन एखादी गायब झाली तर दाद मागणार कुठे?

म्युच्युअल फंडात पैसे एकत्र येतात आणि त्यांतून शेअर्स किंवा रोखे घेतले जातात. शंभर जणांनी हजार-हजार डॉलर दिले, झाले एक लाख. त्याचे १० डॉलरचे एक असे दहा हजार युनिट केले. घेतलेल्या शेअर्सची किंमत एक लाख दहा हजार झाली की युनिटचा भाव ११. याला एनएव्ही म्हणतात. "एनएव्ही दहा आहे, म्हणजे फंड स्वस्त आहे" हा आपल्याकडचा लाडका गैरसमज. दहाचा फंड आणि दोनशेचा फंड, दोन्हींतले शेअर्स दहा टक्के वाढले तर तुमचे पैसे दोन्हीकडे दहा टक्केच वाढतात.

अमेरिकेत असा पहिला खुला फंड १९२४ मध्ये बॉस्टनला सुरू झाला. १९४० च्या कायद्याने फंडांवर कडक नियम आले. फंड चालवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या पैशांपासून फंडाची मालमत्ता वेगळी ठेवावी लागते. १९७६ मध्ये जॉन बोगल यांनी व्हॅनगार्डचा इंडेक्स फंड सर्वसामान्यांसाठी आणला. हुशारीने शेअर्स निवडण्याऐवजी निर्देशांकातले सगळेच घ्यायचे आणि खर्च कमी ठेवायचा.

हा खर्च क्षुल्लक वाटतो, पण हिशेब करा. १०,००० डॉलर तीस वर्षं सात टक्क्यांनी वाढले तर सुमारे ७६,१०० होतात. फंडाने दरवर्षी एक टक्का खर्चापोटी घेतला आणि तुम्हाला सहाच मिळाले, तर सुमारे ५७,४००. एका टक्क्यापायी जवळजवळ १८,७०० डॉलर गेले!

धोका मात्र जात नाही. २००८ मध्ये एस अँड पी ५०० सुमारे ३७ टक्के खाली गेला होता. आपल्या आई-वडिलांच्या पिढीला युनिट-६४ आठवत असेल. १९६४ ची ही योजना म्हणजे जणू सरकारी हमी असं घराघरांत समजलं जायचं. पण युनिटचा भाव खऱ्या एनएव्हीवर नव्हे, यूटीआय ठरवेल तसा असायचा. जुलै २००१ मध्ये खरेदी-विक्री थांबवावी लागली. म्हणून नाव कितीही मोठं असो, आत काय आहे आणि भाव कसा ठरतो हे विचारायचंच.

आता आपल्या खास दोन गोष्टी. पहिली, आयटीवाल्यांची. पगार कंपनीचा, बोनस कंपनीचा, शेअर्सही त्याच कंपनीचे, आणि एच-वन असेल तर व्हिसाही तिचाच! नोकरी गेली तर बहुतेकांच्या हातात साठ दिवस असतात. कंपनीवर संकट येतं तेव्हा नोकरी आणि शेअरचा भाव एकदमच जातात. २००१ मध्ये एन्रॉन बुडाली तेव्हा कर्मचाऱ्यांच्या ४०१-के मधला निम्म्याहून जास्त पैसा एन्रॉनच्याच शेअर्समध्ये होता. निवृत्तीची पुंजी आणि नोकरी एकाच वेळी गेली. तेव्हा कंपनीचे शेअर्स मिळाले की थोडे थोडे विकून दुसरीकडे वळवा. आणि काही महिन्यांचा घरखर्च फंडात नको, बँकेत हवा. वहिनींचा धडा आपल्यालाही लागू आहे!

दुसरी, भारतातल्या गुंतवणुकीची. सुट्टीत पुण्याला गेलं की ओळखीचे एजंटकाका एसआयपीचा फॉर्म पुढे करतात. पण अमेरिकेत कर भरणाऱ्यांसाठी भारतातले म्युच्युअल फंड सर्वसाधारणपणे 'पीफिक' या वर्गात मोडतात. त्यांचा कर किचकट आणि बरेचदा जड असतो, शिवाय फॉर्म ८६२१ भरावा लागतो. परदेशातल्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार भरणं बंधनकारक आहे. सही करण्याआधी दोन्ही देशांचे नियम कळणाऱ्या सीपीएला विचारा. काकांना वाईट वाटलं तर वाटू दे, चहा प्या आणि नमस्कार करून या.

शेवटी एक गृहपाठ. दिवाळीत आपल्याकडे व्यापारी हिशेबाच्या वह्यांची पूजा करतात. यंदा पाडव्याला नवरा-बायकोने अर्धा तास बसून घराचा ताळेबंद एका पानावर लिहा. कुठे काय आहे, कोणाचं किती देणं आहे, कुठल्या खात्याला वारस म्हणून कोणाचं नाव आहे. आपल्या बऱ्याच घरांत हे एकालाच ठाऊक असतं. त्या एकाला काही झालं, तर दुसऱ्याने परक्या देशात कोणाला विचारायचं? ते पान दोघांना सापडेल अशा जागी ठेवा, आणि मगच फराळाला बसा.

आपणा सर्वांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा.