दिवा नको, मीटर द्या
(वस्तीच्या वाचनालयात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला भाषण येत नाही. कविता येते, ती पण सगळ्यांना पचत नाही. रात्रपाळी करून सरळ इथं आलोय, मध्येच जांभई आली तर ती तुमच्यासाठी नाही असं समजा. विषय दिलाय ‘वस्तीविकास आणि दानशूर संस्था’. दानशूरांवर बोलायला गोदीतला हमाल बोलावलात, आता भोगा.

आमची वस्ती गोदीच्या भिंतीला चिकटून. भिंतीच्या आत रात्री एवढा उजेड, की फाटक्या गोणीतून सांडलेला तुरीचा दाणाही दिसतो. भिंतीच्या बाहेर बाया मोबाइलचा टॉर्च लावून संडासला जातात. चार वर्षांपूर्वी एका कंपनीच्या ट्रस्टची पोरं-पोरी आली, सगळ्यांच्या अंगात सारखे टी-शर्ट. सहा सौर दिवे लावले. प्रत्येक खांबाला निळी पाटी ठोकली : अमक्यांच्या सौजन्याने. माझ्या आईला खांबाशेजारी उभं केलं, ‘हसा ना मावशी’ म्हणाले. आई हसली. उजेड आला म्हणून हसली बिचारी.

दुसऱ्या पावसाळ्यात बॅटऱ्या गेल्या. एकेक करत सहाही दिवे मेले. ट्रस्टला फोन लावला. पलीकडून गोड आवाज : ‘तो प्रोजेक्ट क्लोज झालाय सर.’ जन्मात पहिल्यांदा कुणी मला सर म्हटलं, ते असं. वॉर्ड ऑफिसात गेलो. साहेब म्हणाला, खांब आमचा नाही. दिवे गेले, पाट्या आहेत. त्यांना गंजही चढत नाही, चांगल्या पत्र्याच्या आहेत.

देणाऱ्याची नियत खराब होती असं मी म्हणत नाही. पण दिव्याला बॅटरी लागते, बॅटरी बदलायला माणूस लागतो, माणसाला पगार लागतो. दानात खांब बसतो. पगार बसत नाही.

आणि हे दान तरी कसलं? 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 135 काढून वाचा. 500 कोटींचं नक्त मूल्य, 1000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा निव्वळ नफा, यातलं एक जरी असलं तरी कंपनीनं मागल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. 1 एप्रिल 2014 पासून हे लागू आहे. झोपडपट्टी विकास त्याच वर्षी यादीत घातला. म्हणजे सक्ती आहे! तरी पाटी ‘सौजन्याची’. पैसा कुठल्या वस्तीत जाणार, कशावर जाणार, हे कंपनीचं संचालक मंडळ ठरवणार. वस्तीला विचारा असं त्या कलमात नाही. आम्ही मीटर मागत होतो, आम्हाला दिवे मिळाले. तोच पैसा कर म्हणून आला असता, तर निदान महापालिकेच्या दारात बसून भांडलो असतो.

आता मीटरचं ऐका. आमच्यातली निम्मी घरं अजून वायरवाल्याच्या मेहरबानीवर आहेत. एका पंख्याचे एवढे, एका टीव्हीचे एवढे. महिन्याला मीटरवाल्यापेक्षा जास्त मोजतात आणि पावती शून्य. बिल म्हणजे नुसतं बिल नसतं राजा. तुझं नाव आणि तुझा पत्ता छापलेला कागद असतो तो. 2003 च्या वीज कायद्यात कलम 43 आहे. जागेचा मालक ‘किंवा ताबेदार’ यानं अर्ज केला, तर परवानाधारक कंपनीनं महिन्याच्या आत वीज द्यायची. नवी लाइन टाकावी लागणार असेल तर मुदत वाढते. नाहीतर उशिराच्या दर दिवसाला 1000 रुपयांपर्यंत दंड, तोही कंपनीला. ‘ताबेदार’ हा शब्द मी तीनदा वाचला. मालक तर आपण कशाचेच नाही, पण ताबेदार आहोत ना! पुरावे मागतात, चकरा मारायला लावतात, हे मला माहीत आहे. पण चकरा मारायला एक दार तरी आहे. पाण्याचंही तसंच. पाणी हक्क समिती कोर्टात गेली, आणि 15 डिसेंबर 2014 ला मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं, झोपडी बेकायदा असली तरी आतल्या माणसाचा पाण्याचा हक्क बेकायदा नाही.

बाबासाहेब 20 मार्च 1927 ला महाडच्या तळ्यावर गेले, ते काय कुणी वेगळी विहीर खणून द्यावी म्हणून? वेगळी विहीर दानात मिळालीही असती. 14 नोव्हेंबर 1932 ला तिसऱ्या गोलमेज परिषदेला जाताना पोर्ट सैदला, बोटीवरून, त्यांनी ठक्करबाप्पांना पत्र लिहिलं. (बोट म्हटली की माझे कान टवकारतात.) गांधींच्या पुढाकारानं अस्पृश्यता निवारणाचा संघ नुकताच निघाला होता, पुढं तोच हरिजन सेवक संघ. पत्रात दोन वाटा सांगितल्यात. एक, माणसाला एकेकटा सुधारायचा : दारूबंदी, तालीम, वाचनालय. दुसरी, त्याच्याभोवतीची परिस्थिती बदलायची : गावची विहीर, गावची शाळा, चावडी, गाडी यांवरचा हक्क बजावायचा. संघानं आधी दुसरी वाट धरावी, असं त्यांचं म्हणणं. त्या पत्राची साधी पोचही आली नाही, हे त्यांनीच पुढं लिहून ठेवलंय. पुढं 1942 ते 1946 ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री, विजेचं काम त्यांच्याच खात्यात. तिथं त्यांनी कंदील नाही वाटले. वीज खाजगी मालकाच्या हातात असावी की सरकारच्या, ती स्वस्त आणि भरपूर कशी होईल, हा 1943 साली त्यांचा प्रश्न होता.

एक कडू गोष्ट सांगतो. 1979 पासून विशेष घटक योजना आहे. लोकसंख्येच्या प्रमाणात बजेटमधला वाटा अनुसूचित जातींचा. तो कुणाचं सौजन्य नाही. 2025 साली आपल्या राज्यात सामाजिक न्याय खात्याचे 400 कोटींहून जास्त रुपये लाडकी बहीण योजनेकडं वळवले. बहिणींना पैसे मिळू देत, माझी आईही घेते. पण च्यायला, तिच्या एका पदराची गाठ सोडायची आणि दुसऱ्या पदरात टाकायची? तेव्हा आपण किती जण रस्त्यावर आलो? मीही नाही आलो. पाळी होती.

असो. सोमवारी सकाळी 10 ला वीज ऑफिसात जायचंय. 31 घरांचे कलम 43 खालचे अर्ज भरून ठेवलेत, आईचा सगळ्यात वर आहे. अर्ज दिला की पोच घ्यायची, तारखेच्या शिक्क्यासकट, महिना तिथून मोजायचा. ज्यांचं रेशनकार्ड गावाला आहे त्यांनी आज मला भेटा, दुसरा कुठला पुरावा चालतो ते बघू. आणि झेरॉक्सचे पैसे प्रत्येकानं आपले आपण आणा.