कपाटातील चिनी बशी
(ग्रामस्थ, शिक्षक व कर्मचारी यांच्यासमोर दिलेले भाषण)



गोव्यातील काही जुन्या घरांत निळी चित्रे असलेल्या पांढऱ्या बशा, वाडगे, झाकणाची भांडी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली आढळतात. अशा भांड्यांचे मोल केवळ बाजारभावाने ठरत नाही, हे आज मला आपणांस सांगावयाचे आहे.

या जातीची अस्सल भांडी मुख्यत्वे चीनमधील चिंगदेचन नगरात घडत. केओलिन ही पांढरी माती आणि एका विशिष्ट दगडाची पूड कालवून केलेली भांडी सुमारे १३०० अंश उष्णतेत भाजली जात. निळे चित्र कच्च्या भांड्यावर कोबाल्टने रेखून त्यावर झिलई चढवीत. लाल, हिरवा, सोनेरी हे रंग मात्र भाजलेल्या झिलईवर भरून भांडे पुन्हा मंद आचेत ठेवावे लागे. दाँत्रकोल या फ्रेंच धर्मोपदेशकाने १७१२ साली लिहिलेल्या पत्रात, एकेक भांडे सत्तर कारागिरांच्या हातांतून जाते असे ऐकल्याचे नमूद केले आहे. कोणी केवळ काठाची रेघ ओढी, कोणी फुलाची आकृती काढी, तर कोणी रंग भरी. यांपैकी एकाचेही नाव बशीवर नसे.

युरोपातील गिऱ्हाईक आपल्या घराण्याचे मानचिन्ह कागदावर काढून धाडी आणि ज्याने तो देश कधी पाहिला नाही असा चितारी ते हुबेहूब उतरवी. तयार माल नद्यांतून आणि मेइलिंगच्या घाटात हमालांच्या खांद्यांवरून कॅन्टन बंदरी येई.

या व्यापाराशी गोव्याचा संबंध जवळचा. १५५७ च्या सुमारास पोर्तुगीजांनी मकाव येथे वसाहत केली आणि तिचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या अखत्यारीत राहिला. लिस्बनकडे जाणारा चिनी माल गोव्याच्या बंदरातून जाई. गोव्याच्या समुद्रात सुंची खडकाजवळ बुडालेल्या एका जुन्या जहाजाच्या अवशेषांत दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना हस्तिदंत व तोफांसमवेत चिनी भांड्यांचे तुकडेही सापडले. ते तुकडे जागच्या जागी नोंदले गेले, म्हणूनच त्यांवरून त्या जहाजाचा काळ व मार्ग यांचा विचार करता आला.

याउलट उदाहरणही आहे. कॅन्टनहून निघालेले 'खेल्डरमाल्सेन' हे डच जहाज १७५२ च्या जानेवारीत बुडाले. १९८५ साली त्यातून सुमारे दीड लाख भांडी वर काढण्यात आली आणि १९८६ साली ॲम्स्टरडॅम येथे त्यांचा लिलाव झाला. २३३ वर्षे खाऱ्या पाण्यात राहूनही बशा शाबूत होत्या. परंतु जहाजाच्या अवशेषांची शास्त्रशुद्ध नोंद झाली नाही, अशी खंत पुरातत्त्वज्ञांनी व्यक्त केली. बशा वाचल्या, इतिहास हरपला.

आपल्या घरांतही हेच घडू शकते. दारी आलेल्या फेरीवाल्यास बशी दिली, की ती कोणत्या घराची, कोणी आणली, हे सांगणारे कोणी उरत नाही. १९७२ च्या पुरावशेष व बहुमोल कलावस्तू अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंचा व्यापार करण्यास परवाना लागतो, आणि खाजगी व्यक्तीस त्या परदेशी पाठविता येत नाहीत. कर्मचारी बंधूंनी ही गोष्ट गावोगावी समजावून सांगावी.

जुनी दिसणारी प्रत्येक बशी चिनी असतेच असे नाही. युरोपातील कारखान्यांनी छापील नक्षीच्या पुष्कळ नकला काढल्या. हाताने रंगविलेल्या चित्रात कुंचल्याचे गडद-फिके फटकारे दिसतात. छापील नक्षीत सांधे किंवा बारीक ठिपके दिसतात. झिलईवरील रंग बोटांस किंचित उंच लागतो. अशी भांडी राखेने वा चिंचेने घासू नयेत. सोनेरी काम निघून जाते. फुटल्यास तुकडे टाकू नयेत.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून, घरमालकांच्या संमतीने, अशा वस्तूंची वही करून घ्यावी: वस्तूचे वर्णन, छायाचित्र आणि घरातील वडीलधाऱ्यांनी सांगितलेली हकिकत. नोंद आजच व्हावी, कारण हकिकत सांगणारी माणसे बशीइतकी टिकत नाहीत.