गव्हाणीतला देव

मंडळी, देव घरी येतो हे आपल्याला नवं नाही. पेणचा गणपती आपण आणतो, दीड दिवसानं निरोप देतो.

आता खाली चला. कुंडलिका नदी रोह्यावरून रेवदंड्याला जाते. खाडीपलीकडं कोर्लई. तिथली ख्रिस्ती माणसं 25 डिसेंबरला नाताळ करतात. ती मानतात, देव स्वतः रक्तामांसाचा माणूस झाला, तोही एकदाच. बेथलेहेम गावी उतरायला जागा मिळेना. मरियेनं बाळ येशूला गव्हाणीत निजवलं. गव्हाण, मंडळी! गुरं खातात तीच. पहिली खबर मिळाली ती रानातल्या मेंढपाळांना.

बाळ भुकेनं रडलंच असेल. पुढं त्यानं सुतारकी केली. शेवटी क्रूसावर मेला. देवाला मरण कसं, असं तुम्ही विचाराल. ख्रिस्ती सांगतात, तो खरोखर माणूस झाला होता. मरण चुकवलं असतं, तर ते सोंग ठरलं असतं.