विनंतीचे व्याकरण



मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाविषयी एक तक्रार पालकांच्या कानी वारंवार येते : त्याचे इंग्रजी शुद्ध असते, पण उद्धट वाटते. नोकरीच्या अर्जात किंवा वरिष्ठांशी बोलताना तो अदबीने काही मागू पाहतो आणि समोरच्याला मात्र हुकूम ऐकू येतो. मग दोष कधी संस्कारांना दिला जातो, कधी माध्यमाला. वास्तविक दोष दोहोंचाही नाही. एका भाषेतील नम्रता दुसऱ्या भाषेत नेताना वाटेत सांडते, एवढेच घडलेले असते.

रजेचा अर्ज हे याचे ठळक उदाहरण. ‘आपण मला दोन दिवसांची रजा मंजूर करावी’ हे मराठीतील अत्यंत सभ्य वाक्य आहे. यातील ‘करावी’ हे विध्यर्थाचे रूप. लग्नपत्रिकेतील ‘यावे’ही त्याच जातीचे. परंतु विध्यर्थ म्हणजे ‘शुड’ असे समीकरण वर्गात एकदा पाठ झाले, की अर्जात ‘यू शुड ग्रांट मी लीव्ह’ असे उतरते. इंग्रजीतील ‘शुड’ दुसऱ्या माणसाला उद्देशून आले, की बहुधा सल्ला देते किंवा कर्तव्याची आठवण करून देते. विद्यार्थ्याने हात जोडलेले असतात. वाचणाऱ्याला मात्र बोट रोखलेले दिसते.

असे होण्याचे एक कारण सर्वनामात आहे. मराठीत तू, तुम्ही आणि आपण या तीन पायऱ्या आहेत. मानाचा बराचसा भार त्याच उचलतात. इंग्रजीतही एके काळी ‘दाऊ’ आणि ‘यू’ असा भेद होता. सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत प्रमाण इंग्रजीच्या नित्य व्यवहारातून ‘दाऊ’ मावळले आणि सर्वांसाठी एकच ‘यू’ उरले. सर्वनामाला जे दाखवता येत नाही, ते इतर शब्दांना दाखवावे लागते. विनंतीत हे काम मुख्यत्वे कॅन, कुड, विल, वुड, मे ही साहाय्यक क्रियापदे करतात.

‘कुड’ हे मुळात ‘कॅन’चे आणि ‘वुड’ हे ‘विल’चे भूतकाळी रूप. मग आत्ता खिडकी उघडायला सांगताना भूतकाळ कशासाठी? मराठी विद्यार्थी येथे अडखळतो, पण उत्तर त्याच्या घरातच आहे. वरिष्ठांच्या दारात उभा राहून मराठी माणूस ‘माझे काम आहे’ असे सहसा म्हणत नाही. ‘साहेब, एक काम होते’ असे म्हणतो. काम तर आत्ताच असते. ‘रजा हवी आहे’ यापेक्षा ‘रजा हवी होती’ हे मऊ वाटते, ते याच कारणाने. मागणी काळाने थोडी दूर सारली, की ऐकणाऱ्याला नकार देण्याइतकी जागा मिळते. ती जागा देणे म्हणजेच विनय.

जबलपूरच्या मुलाजवळ आणखी एक किल्ली आहे. 1956 पूर्वी नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात मराठी आणि हिंदी शेजारी नांदत होत्या. दीक्षितपुऱ्यातील मराठी घरात आजही उंबऱ्याच्या आत एक भाषा आणि बाहेर दुसरी असते. हिंदीत ‘दीजिए’पेक्षा ‘दीजिएगा’ अधिक सौम्य, कारण ते काम भविष्याकडे सरकवते. मराठीतील ‘द्या’ आणि ‘द्याल का?’ यांतही तोच फरक आहे. एक भाषा मागे सरते, दुसरी पुढे. पण अंतर दोघीही राखतात.

हे उमगले की निवड सोपी होते. मित्राकडे पेन मागताना ‘कॅन यू’ पुरते. अपरिचिताला किंवा वरिष्ठांना ‘कुड यू’ अथवा ‘वुड यू’ शोभते. स्वतःसाठी परवानगी मागताना ‘मे आय’ औपचारिक. मात्र त्यावरून ‘मे यू गिव्ह मी’ अशी विनंती होत नाही, कारण ‘मे यू’ हा शुभेच्छेचा प्रारंभ आहे. आज्ञार्थाला ‘प्लीज’ जोडले, तरी वाक्य आज्ञार्थीच राहते. दुकानात ते खपते, अर्जात खटकते.

उत्तराचेही व्याकरण असते. ‘कुड आय बॉरो युअर बुक?’ याला ‘येस, यू कुड’ नव्हे, तर ‘येस, यू कॅन’ म्हणावे; देणाऱ्याने अंतर राखण्याचे प्रयोजन नसते. ‘वुड यू माइंड’ म्हणजे ‘हरकत आहे का?’ तेथे होकारार्थी मान डोलावून ‘येस’ म्हणणारा नकळत हरकत नोंदवतो. संमतीसाठी ‘नॉट अ‍ॅट ऑल’ म्हणावे लागते.

याच नगरातील उच्च न्यायालयात दाखल होणाऱ्या याचिकांच्या शेवटी न्यायालयाने ‘मे बी प्लीज्ड टु’ अमुक करावे, अशी प्रार्थना असते. तेथे न्यायालयाला ‘यू’ म्हटले जात नाही. तृतीय पुरुषाने आणखी एक पाऊल मागे घेतले जाते. ‘साहेबांनी दोन मिनिटे द्यावीत’ असे म्हणणाऱ्या मराठी माणसाला ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही.

म्हणून पालकांनी इंग्रजीच्या धास्तीने घरातील मराठी आवरती घेऊ नये. ‘दे’, ‘द्या’, ‘द्याल का’, ‘दिलेत तर बरे होईल’ यांतील पायऱ्या ज्या मुलाच्या कानाला कळतात, त्याला ‘वुड’ कोठे बसते हे समजावणे फारसे कठीण नाही. शिक्षकांनी ‘कुड’ फळ्यावर लिहिताना त्याशेजारी ‘हवे होते’ लिहावे. विद्यार्थ्याच्या ध्यानी येईल, की नवा शिष्टाचार शिकायचा नसून, ठाऊक असलेलाच शिष्टाचार दुसऱ्या लिपीत उतरवायचा आहे.