सुती फ्रॉक विणताना
(मंडळाच्या कार्यक्रमातील भाषण)

रेल्वेचा माणूस विणकामावर काय बोलणार, असं भगिनींना वाटत असेल. पण सुया मला आईनंच धरायला शिकवल्या.

उन्हाळ्यासाठी मुलीचा फ्रॉक विणायचा, तर स्वेटरचा हिशेब विसरा. लोकर ताणली तरी पुन्हा आवळते. सुती दोरा तसा आवळत नाही, वर वजनाला जड. फ्रॉक स्वतःच्याच भारानं लांबतो. म्हणून आधी 15 सें.मी.चा चौकोन विणा, फ्रॉक धुवाल तसाच धुवा, वाळवा आणि मग मधल्या 10 सें.मी.तले टाके मोजा. याचाच सगळ्यांना कंटाळा! छातीला 140 टाके घातले; 10 सें.मी.त 22 बसले तर घेर 64 सें.मी., 20 बसले तर 70. सहा सेंटिमीटरनं फ्रॉक खांद्यावरून घसरतो आणि महिन्याभराची मेहनत ट्रंकेत जाते.

जाळीच्या विणीतून वारा खेळतो, पण ती जास्त ताणते. ती खालच्या घेराला घ्या. वरच्या टाक्यांवर खालचा सगळा भार येतो, तिथं घट्ट वीणच हवी. खांद्याला शिवण घाला. लांबी दोन बोटं कमीच ठेवा.

आणि ओला फ्रॉक दोरीवर टांगू नका. चादरीवर पसरून वाळवा.