सामान ठेवावे कोठे?

ग्वाल्हेरच्या रेल्वे स्थानकावर उतरून लष्करातील कंपू भागाकडे निघालेल्या खेडुताच्या हातात पुष्कळदा एक कागद असतो आणि काखेत एक गाठोडे असते. कागद डॉक्टरांचा असतो. कंपूत जयारोग्य रुग्णालय आहे आणि त्याला जोडून 1946 साली स्थापन झालेले गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय आहे. भिंड, मुरैना, श्योपूर, शिवपुरी, दतिया या आसपासच्या मुलखात ज्या दुखण्यावर इलाज सापडत नाही ते दुखणे शेवटी येथे येते. दुखणेकरी एकटा येत नाही. त्याच्याबरोबर दोन-तीन माणसे येतात, आणि त्या माणसांबरोबर अंथरूण-पांघरूण, पिठाची पिशवी, तवा, लोटा आणि किती दिवस राहावे लागेल हे ठाऊक नसल्यामुळे घरात जे जे हाताला लागले ते सगळे येते. हे सगळे एका जुन्या चादरीत बांधलेले असते. त्या चादरीच्या चार टोकांना मारलेल्या गाठीमुळेच पुढचा सारा प्रश्न निर्माण होतो.

पुण्या-मुंबईच्या माणसाला कंपू म्हटले की चार टवाळ मित्रांची टोळी आठवते. शब्दाचा मूळ अर्थ मात्र फौजेचा. महादजी शिंद्यांनी 1784 च्या सुमारास द बॉयन या सव्हॉयच्या सेनानीला चाकरीस ठेवून कवायती पलटणी उभ्या केल्या, त्या पलटणींच्या समूहाला कंपू म्हणत. पुढे दौलतरावांनी 1810 साली ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला. तो तळ हलला नाही, त्याचे शहर झाले आणि त्या शहराचे नावही लष्करच राहिले. म्हणजे ज्या गावाचा जन्मच सामानसुमान उतरवून ठेवण्यातून झाला, त्या गावात आज सामान ठेवावे कोठे हा प्रश्न पडावा, ही जराशी गंमतच आहे.

या प्रश्नाला मराठ्यांच्या इतिहासात एक फार मोठे आणि फार दुःखद उदाहरण आहे. पानिपतच्या मोहिमेवर निघालेल्या भाऊसाहेबांबरोबर बुणगे आणि यात्रेकरू फार होते, बायकामाणसे होती, जड सामान होते. सूरजमल जाटाने सल्ला दिला की कुटुंबकबिला व अवजड सामान चंबळेच्या दक्षिणेस, ग्वाल्हेरीस किंवा झांशीस ठेवावे आणि हलक्या फौजेनिशी पुढे जावे. काशीराज पंडिताच्या फारसी वृत्तांतात ही हकीगत आहे. सल्ला मानला गेला नाही. त्यानंतर 14 जानेवारी 1761 रोजी काय झाले ते मराठी घरातील शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. पराभवाची कारणे पुष्कळ आहेत आणि त्यांवर वाद घालणारेही पुष्कळ आहेत; पण हात मोकळे नसलेल्या माणसाला पाऊल मोकळे टाकता येत नाही, एवढे तर त्यातून दिसतेच.

स्थानकावर उतरलेल्या प्रवाशाला हात मोकळे करण्यासाठी रेल्वेने दोन जागा ठेवलेल्या असतात. एक प्रतीक्षालय, म्हणजे वेटिंग रूम. दुसरी सामान ठेवण्याची खोली. हिंदी मुलखात या दुसऱ्या खोलीवर ‘अमानती सामान घर’ अशी पाटी असते. आपण तिला क्लोक रूम म्हणतो. अमानत हा शब्द आपल्या जुन्या मराठीलाही परका नाही. विश्वासाने दुसऱ्याच्या हवाली केलेली वस्तू असा त्याचा अर्थ. विश्वास देणारा आणि विश्वास घेणारा असे दोन पक्ष त्यात गृहीत आहेत.

आता असे समजावे की श्योपूरकडील एक वृद्ध गृहस्थ आपल्या सुनेला घेऊन पहाटे ग्वाल्हेरला उतरले आहेत. मुलगा आदल्या दिवशीच रुग्णालयात दाखल झाला आहे. तेथे रोग्याच्या खाटेशेजारी एका माणसाला बसू देतील, गाठोड्याला देणार नाहीत. म्हणून म्हातारबुवा सामानघराच्या खिडकीपाशी जातात.

“बाबा, याला कुलूप कुठे आहे?” खिडकीतला कारकून विचारतो.

“गाठ मारलीय, साहेब. चांगली दोनदा मारलीय.”

“गाठ चालत नाही. कुलूप पाहिजे. आणि तिकीट?”

“तिकीट मोटारीचं आहे.”

कारकून मान हलवतो. त्याच्या मागे चाकांच्या चकचकीत पेट्या कुलपे लावून ओळीने उभ्या असतात.

येथे कारकुनाला दोष देणे सोपे आहे, परंतु ते न्याय्य होणार नाही. कुलपाचा नियम त्याने केलेला नाही, आणि नियमामागे अर्थ आहे. उघडे सामान ठेवून घेतले आणि संध्याकाळी मालकाने “यात माझी चांदीची वाटी होती” असे म्हटले, तर ती होती की नव्हती हे कोण ठरविणार? कुलूपबंद पेटी जशी आली तशी परत दिली की कारकुनाची जबाबदारी संपली. खाद्यपदार्थ ठेवू नयेत हा नियमही असाच. उंदराची समजूत कोणत्याही परिपत्रकाने घालता येत नाही. तिकिटाच्या नियमालाही कारण आहे. सामान ठेवणारा माणूस खरोखरीचा प्रवासी आहे, त्याचा काही ठावठिकाणा आहे, हे रेल्वेला हवे असते. 11 जुलै 2006 च्या संध्याकाळी मुंबईच्या लोकल गाड्यांत जे झाले त्यानंतर बेवारस पिशवीकडे कोणीही निर्धास्तपणे पाहू शकत नाही. जी खोली एक महिन्यापर्यंत अनोळखी माणसांचे सामान सांभाळते, तिने दोन प्रश्न विचारले तर बिघडले कोठे?

बिघडते ते दुसऱ्याच ठिकाणी. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जे सामान होते, ते पेटी, ट्रंक, फार तर पट्ट्याने आवळलेली वळकटी असे होते. गाठोडे त्याच्या डोळ्यांसमोर नव्हते. ज्याच्या घरी कुलूप लावण्याजोगी पेटी आहे त्याची अमानत घ्यावी आणि ज्याच्या घरी ती नाही त्याची घेऊ नये, असे कोणी ठरवून म्हटलेले नाही, परंतु खिडकीपाशी घडते ते तसेच. फलाटावर साखळी आणि कुलूप विकणारे फेरीवाले हिंडत असतात. पण साखळी बांधायची कशाला? चादरीला कडी नसते.

मोटारीच्या तिकिटाची गोष्ट आणखी निराळी आहे. ग्वाल्हेर ते श्योपूर ही शिंदे सरकारची दोन फूट रुंदीची छोटी गाडी, सुमारे दोनशे किलोमीटरची, शतकाहून अधिक काळ त्या मुलखाची वाहिनी होती. सबलगड, कैलारस, जौरा येथले लोक तिच्या टपावर बसूनही येत. मार्च 2020 मध्ये महामारीमुळे ती थांबली आणि पुन्हा धावली नाही. त्या जागी मोठा रूळमार्ग घालण्याचे काम टप्प्याटप्प्याने चालले आणि ग्वाल्हेरजवळच्या काही भागावर मोठी गाडी धावूही लागली. काम चांगलेच आहे. तोपर्यंत मात्र पलीकडच्या टोकाचा माणूस मोटारीने येतो, आणि मोटारीने आला म्हणून स्थानकाच्या लेखी तो प्रवासीच राहत नाही. गाडी रेल्वेने बंद केली आणि तिकीट मागते तीही रेल्वेच. म्हातारबुवांना हा विनोद कळला असता तरी हसू आले नसते.

मग उरते प्रतीक्षालय. तेथेही पाट्या आहेत. उच्च श्रेणीचे निराळे, साधारण श्रेणीचे निराळे, स्त्रियांचे निराळे. उच्च श्रेणीच्या दाराशी वही असते. तीत तिकिटाचा क्रमांक लिहून सही करावी लागते. अलीकडे मोठ्या स्थानकांवर तासाच्या हिशेबाने पैसे देऊन बसावयाची सुखासीन दालनेही झाली आहेत. महात्मा गांधींनी 1917 साली तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांच्या हालांविषयी लिहिले, त्यात अपुरी बाके आणि अस्वच्छ जमिनीवर बसून खाणारी माणसे यांचे वर्णन आहे. तिसरा वर्ग 1974 साली नावापुरता गेला, बाके वाढली, पंखे लागले, फरशी बसली. हे मान्य केलेच पाहिजे. परंतु प्रतीक्षालय माणसाला जागा देते, सामानाला राखणदार देत नाही. ‘प्रवाशांनी आपल्या सामानाची काळजी स्वतः घ्यावी’ ही सूचना भिंतीवर असते आणि ध्वनिक्षेपकावरूनही ऐकू येते.

ती सूचना कायद्याला धरूनच आहे. 1989 च्या रेल्वे अधिनियमाच्या 100 व्या कलमाप्रमाणे, नोंदणी करून पावती दिलेल्या सामानाचीच जबाबदारी रेल्वेवर येते. प्रवाशाने स्वतःजवळ बाळगलेले सामान गेले तर रेल्वेचा किंवा तिच्या नोकराचा हलगर्जीपणा अथवा गैरवर्तन सिद्ध करावे लागते. कमरेच्या पट्ट्यात बांधलेले एक लाख रुपये गाडीत चोरीस गेले म्हणून एका प्रवाशाने भरपाई मागितली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली हेच सांगितले की स्वतःची वस्तू स्वतः सांभाळता आली नाही तर रेल्वेला जबाबदार धरता येत नाही. उलट, एकदा ठेव म्हणून वस्तू स्वीकारली की पारडे फिरते. 1872 च्या करार कायद्याचे 151 वे कलम असे सांगते की ठेव घेणाऱ्याने, सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जितकी काळजी घेईल तितकी त्या ठेवीची घेतली पाहिजे. म्हणजे सामानघराची ती चतकोर पावती ही केवळ हिशेबाची चिठ्ठी नव्हे. काळजी घेण्याचे ओझे तिच्यामुळे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाते. ज्याचे गाठोडे परत फिरते त्याचे नुकसान भाड्याच्या चार पैशांत मोजून चालणार नाही. कायद्याच्या त्या आश्रयाबाहेरच तो उभा राहतो.

परिणाम काय होतो तो कोणत्याही मोठ्या स्थानकावर पाहावा. दोन माणसांपैकी एक गाठोड्यापाशी अडकून पडते. एकटी बाई असेल तर ती तहान मारते, प्रसाधनगृहाला जाणे टाळते, किंवा शेजारच्या अनोळखी बाईला “जरा लक्ष ठेवता का हो, एवढ्यात येते” असे म्हणते. ध्वनिक्षेपक अनोळखी माणसापासून सावध राहण्यास बजावत असतो आणि शेजारीण मान डोलावत असते. अमानतीचा जुना व्यवहार खिडकीबाहेर असा, पावतीवाचून चालू आहे. बहुतेक वेळा तो निभतोही. पण निभला नाही तर डॉक्टरांचे जुने कागद, औषधाच्या चिठ्ठ्या, मुलाच्या शस्त्रक्रियेसाठी उसने आणलेले पैसे, सारेच जाते. रुग्णालयाच्या वाटेवरच्या माणसाचे गाठोडे चोराला दिसते तेवढे हलके नसते.

जपानात स्थानकोस्थानकी नाण्यांवर चालणारे कप्पे आहेत. किल्ली प्रवाशाच्या खिशात राहते. मुंबईच्या काही स्थानकांवर अलीकडे तसे यांत्रिक कप्पे आले आहेत, ते भ्रमणध्वनीच्या साहाय्याने उघडतात. सोय उत्तम आहे. फक्त ज्या प्रवाशाला ती सर्वांत अधिक हवी त्याच्याजवळ तसा फोन असेलच असे नाही, आणि त्याचे गाठोडे त्या कप्प्यात मावेलच असेही नाही.

वास्तविक या देशात गाठीला कुलपाचा मान देण्याची युक्ती जुनीच आहे. पोस्टात कापडात शिवलेले पार्सल पिढ्यानपिढ्या गेले. त्याला कडी नव्हती, कुलूप नव्हते. शिवणीवर लाखेची मोहोर असे आणि ती मोडली की पार्सल उघडले हे पोरालाही कळे. पेशवाईतल्या थैल्याही मोहोर करूनच जात. मग सामानघराच्या खिडकीत एक जाड पोते, एक सुतळी आणि क्रमांक छापलेली शिशाची किंवा प्लास्टिकची मोहोर का नसावी? गाठोडे मालकासमोर पोत्यात घालावे, तोंड आवळावे, मोहोर लावावी आणि तोच क्रमांक पावतीवर लिहावा. पिठाची पिशवी तेवढी बाहेर काढून द्यावी. तपासणीच्या यंत्रातून पोतेही पेटीइतकेच सहज जाते. कारकुनाला जे हवे होते, म्हणजे मध्ये कोणी हात घातला नाही याची खूण, ते त्याला मिळते.

तिकिटाच्या ऐवजी कंपूतल्या रुग्णालयाचा केसपेपर दाखविला तर चालावा, ही त्याहून थोडी अधिक मागणी आहे. त्यावर नाव असते, गाव असते, तारीख असते. ठावठिकाणा हवा तर तिकिटापेक्षा तोच अधिक सांगतो. आणि रेल्वेला ते आपले काम वाटत नसेल, तर अशी एक खोली रुग्णालयाच्या आवारात उघडण्यास कोणाची हरकत असू नये. ग्वाल्हेर स्थानकाच्या पुनर्बांधणीचे मोठे काम गेल्या काही वर्षांत हाती घेण्यात आले. नकाशात दालने, जिने आणि वाहनतळ यांना जागा मिळतेच. त्यात दहा फूट लांबीची एक फळी आणि मोहोरांची एक पेटी कोठेही बसू शकेल.

म्हातारबुवांपुरते बोलायचे तर त्यांनी त्या सकाळी जे केले असते ते ठरलेलेच आहे. सुनेच्या हाती कागद देऊन त्यांनी तिला कंपूच्या टेंपोत बसविले असते, चालकाला दोनदा बजावले असते, आणि स्वतः स्थानकाबाहेर भिंतीच्या सावलीत गाठोड्यावर बसून राहिले असते. मुलाला भेटायला आलेला बाप सामानाला राखण म्हणून मागे राहिला असता.